पुण्याहून मुशी गरवायला: पहिल्या खेपेची आखणी

मुशी, म्हणजे किनाऱ्यालगत येणारा लहान शार्क, गरवायला (गळाने धरायला) जायचं तर तारीख सुट्टी बघून ठरवू नका, तिथी बघून ठरवा. पुण्यातून पहिल्यांदा जाणारे नेमकं उलटं करतात. शनिवार-रविवार मोकळा मिळाला, गाडी आहे, निघाले. पोचतात तेव्हा पौर्णिमा जवळ आलेली असते. संध्याकाळी सहाला ओहोटीचा तळ असतो, पाणी पार लांब गेलेलं असतं आणि भरती पुरी होणार मध्यरात्री. चार तास कोरड्या वाळूवर आमिष सडवायचं आणि पाणी चढायला लागलं की झोप अनावर होते.

किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती पुरी होते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच, आणि दिवसाची नि रात्रीची भरती सुमारे सव्वाबारा ते साडेबारा तासांच्या अंतराने येते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे दिवस पक्का करताना त्या भागाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक जरूर बघा. पण वर्षभरातले सोयीचे दिवस कालनिर्णयवर खुणा करून ठेवायला ही पाऊणपट पुरेशी आहे.

पहिल्या खेपेला शुद्ध एकादशी ते त्रयोदशी हे दिवस धरा. भरती सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान पुरी होते. म्हणजे दिवेलागणीला पाणी चढत असतं आणि अंधार पडल्यावरचे दोन-तीन तास, जे मुशीचे खाण्याचे, ते भरतीच्या शेवटच्या टप्प्यात येतात. भांग (अष्टमीच्या आसपासची मंद भरती-ओहोटी) संपून उधाणाकडे, म्हणजे पौर्णिमेच्या मोठ्या भरतीकडे, वाटचाल सुरू झालेली असते, त्यामुळे पाण्याला ओढ असते पण वजन वाहून नेण्याइतकी नसते. शुद्ध पक्षात चंद्रही मध्यरात्र उलटेपर्यंत डोक्यावर असतो. अनुभवी माणसं वद्य पक्षातला काळोख पसंत करतात, पण नवख्याला स्वतःचे पाय दिसलेले बरे. एकादशीला मासे, असं कुणी घरी म्हटलंच तर सांगा की घरी एकही मासा येणार नाही. ही थट्टा नव्हे, पुढे कारण दिलं आहे.

महिन्यांचं म्हणाल तर पाऊस सरल्यावर ते मे अखेर. जून-जुलै सोडूनच द्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, आणि ती बंदी किनाऱ्यावरच्या गळाला उद्देशून नसली तरी त्या दिवसांतली लाट माणूस ओढून नेते. नारळी पौर्णिमेनंतरही महिनाभर थांबलेलं चांगलं. दसऱ्याचा दुसरा दिवस म्हणजे आश्विन शुद्ध एकादशी, आणि वसुबारस ही वद्य द्वादशी, भरतीची वेळ तशीच, फक्त काळोख. हे दोन्ही मुहूर्त गरवायलाही उत्तम आहेत. फक्त ऑक्टोबरात परतीच्या पावसाचे ढग दिसले, वीज चमकली, की बारा फुटांची कार्बनची काठी ताबडतोब आडवी ठेवून गाडीत जाऊन बसायचं. मोकळ्या किनाऱ्यावर सगळ्यात उंच वस्तू तीच असते. नोव्हेंबर ते मार्च कोकणात कासवं अंडी घालायला येतात, त्याबद्दल पुढे.

आता घरी मासा का येणार नाही ते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींत २००१ पासून काही शार्क, पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आणि करवत मासे आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने ही यादी बरीच वाढली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. निघण्याआधी चालू यादी वाचून घ्या. बाजारात मुशी विकायला दिसते म्हणून आपण धरलेली प्रत्येक मुशी ठेवता येते, असा अर्थ होत नाही. तीन फुटांची करडी मुशी नेमकी कोणत्या जातीची, हे रात्री डोक्यावरच्या बॅटरीच्या उजेडात ओळखणं अभ्यासकांनाही अवघड जातं. म्हणून नियम एकच: मुशी आणि पाकट, सगळे पाण्यातच सोडायचे. शिवाय बांगडा एका वेळी हजारो अंडी टाकतो, तर बहुतेक मुशी मोजकीच पिल्लं देतात, आणि त्यासाठीच किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी येतात. आपण गळ टाकतो ते बहुधा त्यांचं बाळंतघर असतं.

त्यामुळे मोठ्या शार्कच्या मागे लागू नका. कोकणात किनाऱ्यावरून मिळण्याजोगी म्हणजे दीड ते तीन फुटांची मुशी, कुठे तिला मोरी म्हणतात. सोबत पाकट आणि शिंगाळा (परांना काटे असलेला मिशाळ मासा) येणारच. खाली सांगितलेलं सामान तेवढ्यासाठीच आहे. त्याने आठ फुटांचा मासा आवरणार नाही आणि आवरायचाही नाही. तसा काही लागलाच तर दोरी कापा.

जागा निवडताना लांब, वाळूचा, मंद उताराचा किनारा घ्या. पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव, म्हसळा करत दिवेआगर दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर पडतं. दक्षिणेकडे जायचं तर गुहागरचा किनारा तसाच लांबलचक आहे. खडकावरून गरवणं पहिल्या वर्षी नको. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गासारख्या जागा ओहोटीत अंगणासारख्या वाटतात, पण भरतीत तिथून परतायची वाटच राहत नाही. मालवणला सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासून. त्याच्या हद्दीत गळ काढूच नका. कासवांच्या हंगामात वेळास, आंजर्ले यांसारखे किनारे रात्री टाळा, आणि इतरत्रही पांढरा प्रकाश वाळूवर फिरवू नका, गाडी वाळूवर उतरवू नका. लाल उजेडाची बॅटरी न्या. कासव दिसलं तर काठ्या गुंडाळून दूर जायचं, फोटो काढत बसायचं नाही.

पोहणारे, उंटवाले, वॉटर स्पोर्ट्स चालतात त्या टोकापासून किमान अर्धा किलोमीटर लांब बसा, आणि पाण्यात रक्त-आतडी ओतून मासे बोलवण्याचा प्रकार करू नका. कोळीवाड्यात आधी जाऊन विचारा की जाळी कुठे लावली आहेत. पाण्यात बोया दिसत असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना शंभर-शंभर पावलं जागा सोडा. कुणाच्या जाळ्यात गळ अडकवला तर नुकसान भरून द्यायचं, हुज्जत घालायची नाही. सागरी पोलीस रात्री विचारपूस करतात, ओळखपत्र जवळ असू द्या.

सामानाची जुळणी पुण्यातच संपवायची. किनाऱ्यावर गाठ मारायला शिकणारा माणूस संध्याकाळभर गाठच मारत राहतो.

काठी बारा ते तेरा फुटांची, १०० ते २५० ग्रॅम फेकू शकणारी सर्फ रॉड घ्या. इथे हमखास होणारी चूक अशी की शिशाचं वजन तेवढं मोजलं जातं आणि आमिष विसरलं जातं. १२० ग्रॅम शिसं आणि ८० ग्रॅमचा अर्धा बांगडा मिळून २०० होतात. १५० ग्रॅमच्या काठीला हे जोराने फेकलं तर काठी वरच्या तिसऱ्या भागात मोडते. रीळ ८००० ते १०००० आकाराचं स्पिनिंग घ्या, मिठाच्या पाण्यासाठी बनवलेलं. त्यावर ५० पौंडी, म्हणजे सुमारे २२ किलो ताकदीची विणलेली दोरी ३०० मीटर भरा. भरताना ती ओल्या फडक्यातून ताण देत भरा. सैल भरलेली दोरी पहिल्याच मोठ्या ओढीला आतल्या थरांत रुतते.

विणलेल्या दोरीपुढे ०.८० मिलिमीटरच्या तंगूसाचा (नायलॉनच्या एकेरी दोरीचा) आठ मीटरचा लीडर, म्हणजे पुढचा जाड तुकडा, जोडा. त्याची दोन कामं आहेत. फेकतानाचा झटका तो सोसतो, आणि मुशीची कातडी, जी कानशीसारखी खरखरीत असते, ती विणलेल्या दोरीला घासत नाही. मुशी नुसते दात लावून नव्हे तर शेपटी घासूनही दोरी तोडते, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. जोडाला एफजी गाठ (विणलेली दोरी तंगूसावर गुंफून मारायची गाठ) मारा, कारण ती बारीक होते आणि काठीच्या कड्यांतून न अडखळता निघून जाते. घरी दहा वेळा मारा. मग टोकाला रद्दीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा ताणकाटा अडकवून नऊ-दहा किलोपर्यंत ओढा. सरकली तर पुन्हा मारा.

लीडरवर सरकता स्लायडर ओवा, त्याला शिसं लटकवा, खाली एक रबरी मणी आणि मग दणकट स्विव्हल (पीळ पडू न देणारी फिरती कडी). स्विव्हलपुढे १.२ मिलिमीटरचं तंगूस ६० सेंटिमीटर आणि शेवटी प्लास्टिकचं आवरण असलेली तार ३० सेंटिमीटर, ८० ते १०० पौंडी. तारेचे जोड तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या नळीने दाबून पक्के करा, पण नळीची कड दाबू नका, मधलाच भाग दाबा. कड दाबली की ती तार कापते. तारेशिवाय जाल तर पहिल्या दोन-तीन मुशी गळ घेऊनच जातील आणि तो गळ त्यांच्या तोंडात राहील.

गळ सर्कल हुक, म्हणजे टोक आत दांडीकडे वळलेला गोल गळ, आकार ५/० ते ७/०, टोक बाजूला न वाकवलेला. स्टेनलेस स्टीलचा नको, तो मासा घेऊन गेला तर लवकर गंजत नाही. टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाका. साधा इंग्रजी जे आकाराचा गळ मुशी थेट पोटात गिळते. सर्कल हुक घशातून बाहेर ओढला जाताना जबड्याच्या कोपऱ्यात फिरून बसतो, आणि सोडणं अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

वाळूसाठी पिरॅमिड आकाराचं १२० ग्रॅम शिसं पुरतं. ओढ जास्त असेल तर तारेच्या पायांचं १५० ग्रॅमचं. दोन्ही न्या.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की रीळ ज्या ताणाला दोरी सोडतं तो ताण, दोरीच्या ताकदीच्या पाव भाग ठेवतात. २२ किलोला साडेपाच येते, पण नवख्या हातात चार ते पाच किलोच ठेवा. अंदाजाने नाही: काठी उभी धरून दोरीचं टोक त्याच ताणकाट्याला बांधा, आणि साडेचार किलोला रीळ सुटायला लागलं पाहिजे असं स्क्रू फिरवा. हाताने ओढून "ठीक वाटतंय" म्हणणाऱ्यांची ड्रॅग हमखास दुप्पट निघते.

काठी रोवायला दीड ते दोन इंची पीव्हीसी पाइप, सव्वा मीटर लांब, खालचं टोक तिरकं कापलेला. बोहरी आळीत किंवा कुठल्याही प्लंबिंगच्या दुकानात मिळेल. वाळूत दीड फूट ठोकायचा. कमी ठोकला तर काठी समुद्रात जाते, आणि ती बुडते, तरंगत नाही. फेकण्याचा सराव मोकळ्या मैदानावर, गळ न लावता, फक्त शिसं बांधून करा, आणि मागे-पुढे शंभर मीटर कुणी नाही याची खात्री करून. डोक्यावरून सरळ फेक पुरे. विणलेली दोरी बोट चिरते म्हणून तर्जनीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा. चाळीस ते साठ मीटर सातत्याने जाऊ लागलं की सराव थांबवा. कोकणचं पाणी गढूळ, मुशी वासावर चालते, आणि बहुतेक वेळा ती पहिल्या-दुसऱ्या लाटेमागच्या चरात असते. शंभर मीटर फेकणारा तिच्या डोक्यावरून फेकतो.

सोडण्याचं सामान वेगळ्या पिशवीत भरा आणि ती पिशवी नसेल तर गळ टाकूच नका: एक फूट लांबीची पक्कड, तार आणि गळ दोन्ही तोडणारा मोठा कटर, जाड हातमोजे, प्रत्येकाला डोक्यावरची बॅटरी. शिवाय एक लिटर कडक गरम पाण्याचा थर्मास. चहाचा वेगळा. हा थर्मास कशासाठी, ते पाकटाच्या वेळी येईल. माणसं किमान तीन हवीत. एक काठीवर, एक माशापाशी, एक उजेड धरायला.

आमिष ताजं असेल तरच अर्थ आहे. बांगडा, तारली, बोई, म्हाकूळ, यांतलं जे सकाळी उतरलं असेल ते. गणेश पेठेतून बर्फात नेता येतं, पण किनाऱ्यावरच्या बाजारात मिळण्याची शक्यता असेल तर पुण्याहून थोडंच न्या. तीन माणसांना दोन काठ्यांवर चार तासांसाठी दोन ते अडीच किलो पुरतं. बांगड्याचं डोकं आणि शेपूट काढून आडवे दोन तुकडे करा, तेल आणि रक्त वाहतं राहतं. मऊ पडलेल्या माशाला जाडं मीठ लावून दोन तास ठेवला की तो घट्ट होतो. गळ एका कडेला टोचा, टोक आणि पोकळी मोकळी राहिली पाहिजे, मग वरून बारीक इलॅस्टिकचा धागा गुंडाळा. आमिषाने गळाची पोकळी भरून गेली तर सर्कल हुक लागतच नाही आणि दोष नशिबाला दिला जातो.

प्रत्यक्ष दिवशी पुणं पहाटे सहाच्या आत सोडा. एकादशीला भरती सव्वाआठला तर ओहोटीचा तळ दोनच्या सुमाराला येतो, आणि त्या वेळी किनाऱ्यावर असणं हाच त्या दिवसाचा सर्वांत मोलाचा तास आहे. पाणी उतरलेलं असताना वाळूचे उंचवटे, त्यांमधले चर, बुडालेले दगड, जुन्या जाळ्यांचे तुकडे सगळं दिसतं. किनाऱ्याला समांतर जाणारा चर आणि त्याला समुद्राकडे उघडणारं तोंड शोधा. रात्री लाटा नेमक्या जिथे फुटत नाहीत, तिथे हेच तोंड असतं. मागच्या माडाची, शेडची खूण धरून फोटो काढून ठेवा. त्या तोंडातून पाणी जोराने बाहेर जातं, तेव्हा तिथे पोहायला उतरू नका.

दुपारी खारे वारे जोरात असतात, तेव्हा फेकण्याचा हट्ट नको. झोप काढा. वारा पडला आणि पुढे मतलई वारा सुटला की लाट बसते आणि फेक आपोआप लांब जाते. साडेपाचला पाइप ठोका, सहाला पहिलं आमिष पाण्यात. एक काठी चरात, दुसरी चराच्या तोंडाशी. दर अर्ध्या तासाने आमिष बदला, जरी ते शाबूत दिसलं तरी. वास धुऊन गेलेला तुकडा म्हणजे नुसता चिंधीचा बोळा.

काठीचं टोक काय सांगतं, हे पहिल्या तासात शिकता येतं. बारीक, अखंड टकटक म्हणजे कुर्ल्या. आमिष उचलून घ्या, नाहीतर दहा मिनिटांत रिकामा गळ राहील. झटके देत थरथरणारं टोक म्हणजे शिंगाळा. टोक हळूच वाकून तसंच राहिलं, जणू गळ दगडात अडकला आहे, तर पाकट. मुशी दोन-तीन जोरदार ओढी घेते आणि मग दोरी थेट पळवते.

इथे नव्वद टक्के नवखे काठी झटक्याने मागे ओढतात. सर्कल हुकला तो झटका म्हणजे माशाच्या तोंडातून आमिष हिसकावणं. काठी उचला, दोरी ताठ होऊ द्या, आणि फक्त रीळ फिरवत राहा. वजन जाणवलं की गळ बसला. मासा पळत असताना रीळ फिरवू नका, दोरीला पीळ पडतो. तो थांबला की काठी वर, मग खाली आणताना रीळ. किनाऱ्याजवळ लाटेचा उपयोग करा: आत येणाऱ्या लाटेवर ओढा, परतणाऱ्या पाण्याबरोबर ढील द्या. परतणाऱ्या लाटेविरुद्ध ओढणं हे शेवटच्या दहा मीटरवर दोरी तुटण्याचं पहिलं कारण आहे. दुसरं म्हणजे लीडर हाताला गुंडाळणं. तो फक्त मुठीत धरायचा, गुंडाळायचा कधीच नाही. मासा उसळला तर बोटं जातात.

दुसरा माणूस गुडघाभर पाण्याच्या पुढे जाणार नाही. मुशीला कोरड्या वाळूवर ओढायचं नाही. तिच्या शरीरात हाडाच्या बरगड्या नाहीत, पाण्याबाहेर स्वतःच्याच वजनाने आतडी दबतात. शेपटीला धरून उलटं लटकवून काढलेल्या फोटोतली मुशी सोडल्यावर पोहत गेली तरी जगेलच असं नाही. एक हात डोक्यामागे, कल्ल्यांवर दाब न देता, दुसरा शेपटीच्या बुंध्याशी. लहान मुशी धनुष्यासारखी वळून स्वतःच्या शेपटीजवळचा हात चावते, म्हणून दोन्ही हात एकाच वेळी. पक्कडीने गळ उलट फिरवला की सुटतो. दिसत नसेल, आत गेला असेल, तर तार तोंडाजवळ कापा आणि सोडून द्या. फोटो हवा तर ती पाण्यातच असताना एक. मग तोंड लाटेकडे करून ती स्वतः झटका देईपर्यंत धरून ठेवा. सगळं मिळून एक मिनिट, फार तर दीड.

करवतीसारखं लांब तोंड किंवा गिटारसारखा चपटा देह दिसला तर हात न लावता शक्य तितकी गळाजवळ तार कापायची. हे मासे अगदी विरळ उरले आहेत. बोटीवाल्या मच्छिमाराने जाळं कापून असा संरक्षित जीव सोडला तर महाराष्ट्रात २०१८ पासून नुकसानभरपाईची योजना आहे. गळवाल्याचं नुकसान एका गळाचं.

पाकट हा या खेळातला खरा धोका, मुशी नव्हे. उथळ पाण्यात पावलं उचलून न टाकता वाळूत घासत चाला, म्हणजे तो आधीच सरकतो. गळाला आलेल्या पाकटाची शेपटी कुठे आहे हे बघितल्याशिवाय जवळ जाऊ नका. काटा लागलाच तर रक्त दाबून थांबवा आणि जखम सोसवेल तितक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, चाळीस ते पंचेचाळीस अंश, अर्धा ते दीड तास. पाणी किती गरम आहे ते न दुखावलेल्या हाताने तपासा, कारण दुखणारा हात भाजलेलं कळू देत नाही. गरम पाण्याने वेदना उतरते, पण दवाखाना टळत नाही, काट्याचे तुकडे आत राहतात. पोटात, छातीत किंवा मानेत काटा रुतला तर तो उपसायचा नाही, तसाच ठेवून १०८ ला फोन. शिंगाळ्याच्या परांच्या काट्यांनाही हाच उपाय. त्याला हातात धरून गळ काढायच्या भानगडीत पडू नका, पक्कडीनेच काढा.

भरती पुरी झाल्यावर दीड तास थांबा, उतरत्या पाण्याची सुरुवात बऱ्याचदा सर्वांत चांगली जाते. मग आवरा. तुटलेलं तंगूस, तारेचे तुकडे, आमिषाच्या पिशव्या मोजून परत आणा. रात्री ताम्हिणी उतरायची-चढायची नाही, मुक्काम आधीच ठरवा. खोलीवर गेल्यावर रिळाची ड्रॅग आधी घट्ट करा, मग हलक्या गोड्या पाण्याच्या धारेने धुवा. जोराचा फवारा मीठ आत ढकलतो. पुसून ड्रॅग पूर्ण सैल करा, नाहीतर आतल्या चकत्या पुढच्या एकादशीपर्यंत एकमेकींना चिकटून बसतील.